काही लक्षात न ठेवणारा

निळसर काळ्या खसखशीचा एक दाणा — कीबोर्डवरच्या बी आणि एन या दोन बटणांच्या मधल्या फटीत अडकलेला. एरवी दिसलाही नसता, पण नोव्हेंबरचा तिरपा उजेड खिडकीतून नेमका तिथेच उतरला होता आणि एवढ्याशा दाण्याला त्याच्याहून लांब सावली फुटली होती. विबेकेने टाचणीच्या टोकाने तो उचकटून पाहिला; दाणा आणखी खाली गेला. नवऱ्याच्या, आक्सेलच्या पावावरचा. तो सकाळी इथेच खातो, कॉम्प्युटरसमोर बसून, समुद्रावरच्या वाऱ्याचा अंदाज बघत, आणि उठताना हात झटकतो ते थेट बटणांवर... म्हणजे आज सकाळी या खुर्चीत तो होता, आणि दुपारी लेक, सिग्ने, येईल तेव्हा तीही अंगातला कोट न काढता इथेच टेकेल, ओल्या बोटांनी काहीतरी बघेल. घरात कॉम्प्युटर एकच. जेवणाच्या खोलीचा कोपरा, एका अंगाला खिडकी, दुसऱ्या अंगाला बशांचं कपाट. सगळ्यांचा कॉम्प्युटर. आणि त्या सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर तिला आज असं काहीतरी वाचायचं होतं, जे या घरात दुसऱ्या कुणीही वाचायला नको होतं.

— आणि कुणी आधीच वाचलं असेल तर?

तिने टाचणी बाजूला ठेवली.

पडद्यावर सरकारी टपालपेटी उघडी होती. पत्र आठवड्यापूर्वीचं, भाषा धुऊन वाळत घातल्यासारखी: आपल्या विनंतीनुसार आपली संपूर्ण नोंद पीडीएफ स्वरूपात तयार आहे, ती आठच दिवस, म्हणजे आजपर्यंतच, उतरवून घेता येईल, पासवर्ड स्वतंत्रपणे पाठवला आहे, फाइल स्वतःच्याच कॉम्प्युटरवर, सुरक्षित आणि अद्ययावत रीडरमध्ये उघडावी, छापू नये, कुणाला पाठवू नये. कुणाला पाठवू नये! पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती मोठ्याने हसली होती आणि मग आपल्याच हसण्याने दचकली होती. दोन हिवाळ्यांपूर्वी ओडेन्समधल्या त्या मानसोपचार केंद्राच्या कॉम्प्युटरांत चोर शिरले, त्यांनी खंडणी मागितली, ती मिळेना तेव्हा हजारो माणसांचं बोलणं त्यांनी उचलून जगापुढे ओतलं — वर नाव, गाव, आणि खाली ते सगळं, जे बंद दाराआड, फक्त एका माणसाला म्हणून सांगितलं होतं. पोलिसांनी ते एकीकडून काढलं की दुसरीकडे निघायचं. आता केंद्र बंद पडलं होतं, खटला संपला होता, आणि ज्याचं त्याला परत करणं चाललं होतं. ज्याला वाटलं त्याने तिची पानं वाचली असतील. तिच्या गावाच्या, स्वेनबोर्गच्या रस्त्यावरच्या कुणीही. फक्त तिने वाचली नव्हती.

तिने शोधलीच नव्हती. सापडतील म्हणून.

"विबेके, माझे रबरी बूट कुठेत?"

आक्सेल दारात. तिचा हात आपोआप गेला आणि पडद्यावरची खिडकी मिटली — इतक्या झटक्यात की आता त्याने ते पाहिलं असणार, मिटलेलं पाहिलं असणार, जे उघडं असताना त्याने कदाचित पाहिलंही नसतं.

"तळघरात. पायरीवर."

"हिवाळ्यासाठी बोट पाण्यातून वर काढतोय आज. क्रेनवाला वेळेवर आला तर तीनपर्यंत येतो. बदक ओव्हनमध्ये घालायला विसरू नकोस हं, नाहीतर मॉर्टनच्या सणाच्या संध्याकाळी सॉसेज खायला लावशील." तो थांबला. "काय करतेयस?"

"काही नाही. हा फार हळू चालतोय."

"म्हातारा झालाय तो. माझ्यासारखा." तो हसला, जरा वाट पाहिली, आणि ती हसली नाही तसा बूट शोधायला गेला.

त्या हिवाळ्यात बातमी आली त्या संध्याकाळी त्याने तिचा हात धरून सांगितलं होतं, मी कधीच बघणार नाही, शपथ. किती पटकन म्हणाला होता! विचार करायला लागतो तेवढा वेळही न घेता... की इतकं पटकन तोच बोलू शकतो, ज्याच्या मनात ते आलेलंच नसतं? दोन वर्षं ती त्या एका वाक्याचा वेग मोजत होती.

आणि दुकानात तर — चष्म्याच्या दुकानातली ती अंधारी खोली, जिथे माणसं हनुवटी टेकवून बसतात आणि ती त्यांच्या डोळ्यांत वीतभर अंतरावरून बघते. पहिली काच बरी, की दुसरी? आता? आणि आता? पंचवीस वर्षं तिने याच आवाजात विचारलं, आणि पंचवीस वर्षं तिला समोर फक्त डोळे दिसले: बुबुळ, पडदा, मोतीबिंदूची सुरुवात. दोन वर्षांपासून त्या डोळ्यांमागे माणूस बसलेला दिसायला लागला. याने वाचलं असेल का. ही शाळेतली बाई, पापण्या इतक्या का मिटतेय. लोक अंधारात अक्षरं वाचत होते आणि ती त्यांना वाचत होती, आणि कुणाच्याच चेहऱ्यावर काही लिहिलेलं नव्हतं, हेच तर भयंकर होतं.

काय सांगितलं होतं मी त्या केंद्रातल्या बोडिलला? सगळं आठवत नाही. खोली आठवते, खिडकीतलं नासपतीचं झाड, आणि बोडिल दोन बोटांनी टाइप करायची तो आवाज — मी बोलत असताना तो थांबलेला, आणि मी गप्प झाले की सुरू. सिग्ने तेव्हा चौदा-पंधराची. माझ्या वाढदिवसाला सगळे जमले होते, तेव्हा तिने टेबलावर उभं राहून माझी नक्कल केली होती: पहिली काच बरी, की दुसरी? आता? आणि आता? हुबेहूब. माझ्या आवाजातला तो शेवटचा चढ, जो मला तोवर माहीतही नव्हता. सगळे पोट धरधरून हसले, आक्सेलही हसला, मीही हसले. मी जवळ घेतलं की गाल पुसायची. माझं बोलणं मध्येच थांबवून दुरुस्त करायची. ते सगळं बोडिलला सांगता सांगता मी म्हणाले होते — हे मात्र स्पष्ट आठवतं, कारण म्हटल्याबरोबर खोलीतली हवा बदलली — मला माझी मुलगी आवडत नाही.

मग म्हणाले होते: पण माझा जीव आहे तिच्यावर.

म्हणाले होते ना? म्हणालेच असेन. त्याच दमात, की पुढच्या आठवड्यात? तोंडाने, की नुसतं मनात, परतीच्या गाडीत? आणि म्हणाले असले तरी बोडिलच्या दोन बोटांनी ते 'पण' टिपलं होतं का? की तिला ते बिनमहत्त्वाचं वाटलं — सगळेच म्हणतात म्हणून? एक शब्द. तो तिथे असेल तर ते एका थकलेल्या आईचं बोलणं होतं. तो नसेल तर...

खाली दार आपटलं. आक्सेल गेला.

तिने जुन्या रीडरवर टिचकी मारली, नुसतं बघायला. पंखा घरघरू लागला. लाल चौकोन आला, फिरत राहिला. हा रीडर कुणी टाकला, कधी टाकला, कुणालाच माहीत नव्हतं. तो कॉम्प्युटरबरोबर आला असावा आणि तेव्हापासून फुगत गेला होता. उघडला तेव्हा आधी त्याने तिचं नाव विचारलं. तिने नाही म्हटलं. मग त्याने पानभर चित्रं मांडली — घरात अलीकडे जे जे उघडलं गेलं त्याची पहिली पानं, टिकलीएवढी पण ओळखू येणारी: बोटीचा विमा, ओव्हनचं माहितीपत्रक, आक्सेलच्या गुडघ्याचा अहवाल. इथेच उद्या तिचं पान आलं असतं, आणि आक्सेलने वाऱ्याच्या अंदाजाशेजारी ते पाहिलं असतं. तिने ओव्हनचं माहितीपत्रक उघडून पाहिलं. उजवीकडून एक पट्टी सरकत आली, गोल गोल अक्षरांत, अगदी अदबीने: या दस्तऐवजाचा सारांश सांगू का?

म्हणजे तिने फाइल उघडावी आणि तिचे डोळे पहिल्या ओळीवर पोचायच्या आत दुसऱ्याच कुणीतरी, कुठेतरी लांब, सगळं वाचून काढावं आणि तीन ओळींत सांगावं: रुग्ण, वय सेहेचाळीस. झोप कमी. स्वतःची मुलगी आवडत नाही. सारांशात 'पण' कुठे राहतं! सारांश म्हणजे सगळे 'पण' गाळून उरलेलं...

तिने रीडर बंद केला नाही. थेट भिंतीवरचं बटण दाबलं. कॉम्प्युटर विझला आणि पंख्याची घरघर हळूहळू उतरत गेली.

फोनवर उघडावं, तर फोनमधलं सगळं घरच्या सामाईक खात्यात जाऊन बसतं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडणं तर अशक्यच. तिने कोट चढवला. शनिवारी सकाळी वाचनालयात म्हाताऱ्या-कोताऱ्यांना कॉम्प्युटर शिकवायला मंडळी बसतात, हे तिला दुकानातल्या गिऱ्हाइकांकडून माहीत होतं.

टेबलामागे एकच माणूस होता, थर्मासमधून कॉफी ओतत बसलेला. छातीवर कागद: विगो. उमेदीत जहाजांवर रेडिओ सांभाळायचा, हे त्याने ती बसायच्या आतच सांगून टाकलं.

"बोला. काय मोडलंय?"

"काही मोडलेलं नाही. मला एक पीडीएफ रीडर हवाय. घरच्या कॉम्प्युटरसाठी. हलका. आणि सुरक्षित."

"हलका कशाला?"

"कॉम्प्युटर जुना आहे."

"आणि सुरक्षित कशाला?"

विगोने तिच्याकडे नीट पाहिलं आणि आवाज उतरवला. "नवरा वारला का?"

"छे! बोट वर काढायला गेलाय."

"मग ठीक. राग मानू नका हं. इथे येणाऱ्या निम्म्या बायकांचे नवरे पासवर्ड न सांगताच गेलेले असतात."

तिला हसू आलं. त्याच्या चष्म्याची उजवी दांडी वाकलेली होती. एरवी तिने हात पुढे करून ती सरळ केली असती.

"सगळ्यात सुरक्षित कुठला?"

"ज्याला सगळ्यात कमी येतं तो." विगो खुलला; हे त्याचं आवडतं व्याख्यान असावं. "तुमचा आत्ताचा बघा. फॉर्म भरतो, सह्या करतो, सिनेमा दाखवतो. कागदात कुणी छोटासा प्रोग्रॅम लपवून पाठवला तर तोही गुणी बाळासारखा चालवतो. आणि येता जाता इंटरनेटवर जाऊन कुणाकुणाशी बोलून येतो. अंगात जितके गुण, तितकी दारं. आपल्याला दारं नकोत. आपल्याला मठ्ठ रीडर हवा. पान दाखव म्हटलं की दाखवेल, पुढचं म्हटलं की पुढचं, आणि बाकी वेळ तोंड बंद."

"आणि लक्षात ठेवतो का तो? म्हणजे... काय उघडलं होतं ते."

"ठेवतात सगळेच थोडंफार. पण बंद करता येतं. सेटिंगमध्ये जायचं, एक खूण काढायची."

"खूण काढली की खरंच विसरतो?"

"यंत्र आहे बाई. सांगितलं की विसरतं. आपल्यासारखं नाही." त्याने आपल्या पडद्यावर दोन रीडर काढून दाखवले. एक अगदी चिमुकला, करड्या रंगाचा, डोळे मिटून उघडेपर्यंत पान समोर. दुसरा थोडा जड, पण कागदाला बंद पेटीत ठेवल्यासारखा उघडायचा, म्हणजे कागदात काही वाईट असलंच तर ते पेटीबाहेर पडू नये. तिने दोन्ही पाहिले. पहिला, दुसरा, पुन्हा पहिला. कुठला बरा — आणि तिला एकदम कळलं की आज हनुवटी टेकवून बसलेली आपण आहोत.

"मला ठरवता येत नाही."

"फाइल कुठून आलीय त्यावर आहे ते. अनोळखी माणसाची असेल तर पेटीवाला. ओळखीची असेल तर हा छोटा पुरे."

"ओळखीची आहे. ओडेन्सहून आलीय."

बोलून गेली. विगोचा हात माऊसवर तसाच थांबला. त्याने वर पाहिलं नाही — आणि न पाहण्यातली ती काळजी, ते मुद्दाम पडद्यावर धरून ठेवलेले डोळे... तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. मग तो थर्मासचं झाकण फिरवत, झाकणालाच सांगितल्यासारखा म्हणाला, "माझ्या बहिणीचीही आलीय."

"तिने उघडली?"

"तिने कॉम्प्युटरच देऊन टाकला." जरा थांबून, "छोटा घ्या. आणि बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. शोधलं की वरती मोठं हिरवं बटण येईल, त्याला हात लावू नका, ते भलतंच काहीतरी असतं. बसवताना तो विचारेल, हे पण देऊ का, ते पण देऊ का. नाही म्हणायचं. प्रत्येक वेळी नाही. वाचून झालं की फाइल पुसायची, कचरापेटीही रिकामी करायची."

"आणि मग?"

"मग काय. त्याच्यापुढचं मला येत नाही."

घरी परतताना तिने सायकल हातात धरून चालवत आणली. खाडीवरून वारा येत होता. आक्सेलने सांगितला होता तोच असणार. बदक ओव्हनमध्ये गेलं, आत सफरचंदं आणि सुके आलुबुखार, वरून मीठ. हात दोनदा धुतले. मग कॉम्प्युटर.

हिरवं बटण खरोखरच होतं, पानाच्या मधोमध, नको तितकं उत्सुक. ती त्याच्या खालून गेली, करड्या अक्षरांतल्या साध्या ओळीपर्यंत. हे पण देऊ का? नाही. नेहमीसाठी मलाच वापराल का? नाही... म्हणजे हो, पण आज विचारू नकोस. सुधारणा आल्या तर कळवू का? तिचं बोट अडलं. पत्रात लिहिलं होतं, अद्ययावत रीडर. पण कळवायला तो बाहेर जाणार, बाहेर जाऊन कुणाला तरी भेटणार... मूर्ख! ती स्वतःलाच पुटपुटली. जगभर उघड्यावर पडलेल्या पानांना ती घरात कुलूप शोधत होती. पूर येऊन गेल्यावर खिडक्यांच्या फटी बुजवत बसलेली बाई! हे तिला कळत होतं. सकाळपासून, आठवडाभर कळत होतं. आणि तरी तिच्या बोटांना ते पटत नव्हतं. जगातल्या सगळ्या माणसांनी वाचलेलं असणं एक, आणि जेवणाच्या टेबलापलीकडे बसलेल्या एका माणसाने वाचलेलं असणं... तिने 'हो' दाबलं. मग सेटिंग. उघडलेल्या फाइली लक्षात ठेवा: खूण होती. तिने काढली. दोनदा आत जाऊन पाहिलं, परत तर आली नाही ना.

ओव्हनचं माहितीपत्रक त्यात उघडून बघितलं. क्षणात पान समोर, पंखाही फिरला नाही. बाजूने कुणी सरकत आलं नाही, नाव विचारलं नाही, काही सांगू का म्हटलं नाही. पांढरं पान आणि काळी अक्षरं. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिच्या ध्यानात आलं — आता काही उरलंच नाही. फुगलेला रीडर, फिरणारा चौकोन, घरातली माणसं, हे सगळं मध्ये होतं तोवर किती आधार होता! हा मठ्ठ, हलका, प्रामाणिक रीडर मध्ये येतच नाही. आता ती आणि तिचं वाक्य.

तिने फाइल उतरवून घेतली. तिच्या नावाची. जड निघाली. उघडली. बारीक चौकोन: पासवर्ड. तिने वेगळ्या आलेल्या पत्रातून एकेक अक्षर पाहून भरलं, मोठं, लहान, आकडा, पुन्हा मोठं. फक्त एक बटण दाबायचं राहिलं.

"आई?"

स्वयंपाकघराच्या दाराने. "लवकरची गाडी मिळाली. अगं काय वास सुटलाय! — आई, तू घामाघूम का झालीयस?"

सिग्ने दारात उभी होती, पाठीवर पिशवी, केस आणखी आखूड कापलेले, नाकाचा शेंडा वाऱ्याने लाल. ऑगस्टनंतर पहिल्यांदाच घरी आलेली. विबेकेने खिडकी मिटली. या वेळी सावकाश, उगीच सावकाश.

"ओव्हन चालू आहे ना."

"ओव्हन तिकडे आहे." सिग्नेने पुढे येऊन कोट न काढताच खुर्चीच्या पाठीवर हात टेकला, पडद्याकडे पाहिलं. "हे करडं काय नवीन?"

"रीडर. जुना हळू चालायचा."

"बरं केलंस. तो बावळट सारखा सारांश सांगायला यायचा." आणि ती आत गेली. कोबी काढलेला बघून म्हणाली, "लाल कोबी मी चिरते. तू फार जाड चिरतेस."

झालं. तीच. तोच आवाज, तेच दुरुस्त करणं. आणि तेच ते ओळखीचं आखडणं, खांद्यांच्या मध्ये, जे बोडिलला सांगायला ती दर गुरुवारी गाडी काढून ओडेन्सला जायची. विबेके तिच्यामागून स्वयंपाकघरात गेली, बटाटे घेतले, सोलायला बसली. सुरी लाकडावर टकटक वाजत होती, एका लयीत. बारीक चिरत होती, हे खरं होतं.

"ती ओडेन्सची पत्रं यायला लागलीत ना," सिग्ने पाठमोरीच म्हणाली. "आमच्या वर्गातल्या एकीच्या बाबांना आलं. तुला आलं?"

बटाट्याची साल तुटली. "आलं."

"त्यासाठी टाकलास तो रीडर."

हा प्रश्न नव्हता. विबेकेने नवी साल काढायला घेतली. नाही म्हणता आलं असतं. "हो."

सुरी चालूच राहिली. टकटक. "मला पाठवली होती ती कुणीतरी. तेव्हाच."

"काय पाठवली?"

"फाइल. तुझी. शाळेतलंच कुणीतरी असणार, नाव नव्हतं. खाली नुसता हसरा चेहरा."

दोन हिवाळ्यांपूर्वी. म्हणजे सिग्ने अठराची, याच घरात, वरच्या खोलीत. विबेकेला आपले हात दिसत होते, बटाटा दिसत होता, पण ते दुसऱ्याच कुणाचे तरी होते. "आणि?"

"आणि काय. नाही उघडली."

"का?"

"तुझी होती म्हणून." सुरी थांबली. मग, थोड्या चिडक्या आवाजात, "आणि भीती वाटली. सगळ्यासाठी एकच कारण लागतं का?"

विबेकेने मान वर केली. सिग्नेची पाठ, कोटाच्या आतून वर आलेल्या शर्टाची कॉलर, मानेवर कातरीने नुकतीच उघडी केलेली पांढरी त्वचा. चेहरा दिसत नव्हता. त्या हिवाळ्यात सिग्ने जेवणाच्या टेबलावर बोलेनाशी झाली होती. आपण म्हटलं होतं, वय. मग पहिली संधी मिळताच लांबच्या विद्यापीठात गेली. आपण म्हटलं, स्वभाव. आणि खरं तर आपल्याला सुटल्यासारखं वाटलं होतं. वाचली असेल. वाचली असेल आणि आता नाही म्हणतेय. खोटं बोलतेय, इतक्या स्थिर हाताने, कोबीचा एकही काप जाड होऊ न देता... की खरंच दोन वर्षं तिने ती तशीच ठेवली, बंद?

"आहे का त्यात माझ्याबद्दल काही?" सिग्नेने विचारलं.

आक्सेलची शपथ आठवली — तो पटकन आलेला नकार. तसाच एक नकार तिच्या जिभेवर तयार होता.

"आहे."

"वाईट?"

"काय लिहिलंय मला माहीत नाही. मी अजून वाचलेलं नाही. मी काय म्हणाले होते ते..."

सिग्ने वळली. हात मनगटापर्यंत जांभळे झालेले. तिने आईकडे पाहिलं, आणि विबेकेने तिच्या डोळ्यांत शोधलं — सवयीने, पंचवीस वर्षांच्या सवयीने, वीतभर अंतराची सवय असलेली नजर आता चार पावलांवरून — वाचलंय का, वाचलंय का. तिथे काहीच दिसलं नाही. म्हणजे डोळे दिसले. करडे, थकलेले, प्रवासाने कडा लाल झालेले.

"तू वाच मग आधी," सिग्ने म्हणाली. "आणि मला ती फाइल दाखवू नकोस. तू सांग. आज नाही. आज बाबा त्या बोटीबद्दलच बोलणार, आणि मला भूक लागलीय." आणि पुन्हा कोबीकडे वळता वळता, "ते बटाटे तू संपवून टाकशील सोलून सोलून."

विबेकेने हातात पाहिलं. बटाटा सुपारीएवढा राहिला होता.

ती उठली. जेवणाच्या खोलीत कॉम्प्युटर शांत होता. खिडकी वर काढली तर चौकोन तसाच वाट पाहत होता, आत काळे ठिपके, एका बटणाचं अंतर. ती बसली. आठवडाभर या घटकेची तिने जी भीती जमवली होती ती आता येईल म्हणून तिने श्वास धरला, आणि ती आली नाही. तिला त्या पानांवर काय आहे ते आठवत बसायचं होतं — 'पण' होतं की नव्हतं — आणि त्याऐवजी तिला वरची खोली दिसत होती. तिरकं छत. हिवाळ्यातली संध्याकाळ. पलंगावर मांडी घालून बसलेली अठरा वर्षांची मुलगी, समोर पडद्यावर आईचं नाव आणि त्याखाली कुणाचा तरी हसरा चेहरा, आणि खाली जिन्याच्या तळाशी आपण, याच खुर्चीत, लोकांनी आपल्याबद्दल काय वाचलं असेल त्याचा हिशोब करत. आपण तिला जेवायला हाक मारली असेल. ती आली असेल. मीठ दे म्हणाली असेल.

तिने ती उघडली, की उघडली नाही? दोन्हींपैकी काहीही असलं तरी ती एकटी होती. दोन वर्षं. आणि विबेकेला तेवढ्या काळात एकदाही, एकदासुद्धा, तिला काही आलं असेल असं वाटलं नव्हतं. तिने कुठूनतरी वाचलं तर आपलं काय, एवढीच भीती होती.

स्वयंपाकघरात टकटक थांबली होती. नळ सुरू झाला. सिग्ने हात धूत असणार; लाल कोबीचा डाग एका धुण्यात जात नाही, ती चोळत असणार. विबेके त्या पाण्याकडे कान देऊन बसली. तो आवाज तिने कितीदा तरी ऐकला असेल, आणि त्या नळापाशी उभी मुलगी कोण आहे, कशी आहे हे तिला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. आता वाटत होतं. कसं विचारायचं ते मात्र तिला मुळीच येत नव्हतं, आणि पाणी वाहत होतं.